दुसरं बोट

४ फेब्रुवारी

प्रिय ठकी,

तू पाठवलेला टॅब पोचला. फोन न करता पत्र लिहितेय, कारण आमचं घर एवढंसं. फोनवर बोललेला प्रत्येक शब्द ह्यांच्या कानावर पडतो. माणूस समोर बसलेला असताना ‘ते असं करतात, ते तसं करतात’ असं त्याच्याबद्दल बोलणं मला जमत नाही. उलटून दोन शब्द सुनवायला त्यांना तोंड असतं तर गोष्ट वेगळी होती.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझ्या मामांची तब्येत आता तशी ठीक. उजवा हात अजून लाकूड, पाय मात्र काठीच्या आधाराने थोडा उचलतात. समजतं सगळं. डॉक्टर म्हणतात, शब्द डोक्यात आहेत, डोक्यातून तोंडापर्यंतचा रस्ता बंद झालाय. जन्मभर बस चालवलेल्या माणसापुढे ‘रस्ता बंद’ची पाटी लागावी, काय म्हणायचं!

आता टॅबवरच्या तुझ्या बोलक्या फळ्याबद्दल. चित्रं छान आहेत, आणि चित्र दाबलं की शब्द बोलला जातो ही युक्तीही. आवाज कुणाचा गं? पहिल्यांदा ‘पाणी’ ऐकलं तेव्हा घरात कोण पुरुष शिरला म्हणून मी दचकले. पण तो आवाज निघाला माझ्या बोटाने. ह्यांनी डाव्या हाताचं बोट ठेवलं की चित्रातला पेला मासोळीसारखा निसटतो आणि सगळं पानच वर सरकतं. पुन्हा ठेवलं की पुन्हा तेच. त्यांच्या डाव्या हाताला आधीपासून कंप आहे, तो या आजारात वाढलाय. काल त्यांनी फळा उशीखाली कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आमचं काही चुकत असेल तर मोकळेपणाने सांग. आम्ही काय, दोन अडाणी.

तुझी मामी

९ फेब्रुवारी

प्रिय मामी,

चुकलंय ते माझं. आणि अडाणी वगैरे म्हणू नकोस, चष्म्याच्या दुकानात एवढी वर्षं लोकांचे नंबर काढणारी बाई तू.

काय होतंय ते सांगते. पडद्यावर बोट पडलं की टॅब माझ्या प्रोग्रॅमला बातम्या देत राहतो. बोट टेकलं. बोट हललं. बोट उचललं. टेकलं आणि जागच्या जागी उचललं, तर आम्ही धरतो की चित्र दाबलं. पण मध्ये बोट जरा जास्त हललं की टॅबला वाटतं, ह्याला पान सरकवायचंय. मग तो आणखी एक बातमी धाडतो: आधीचं रद्द. मामाचं पाणी असं रद्द होत होतं. मी सगळं तपासलं होतं, पण माझ्या न थरथरणाऱ्या बोटाने.

मग माझा हात कसा थरथरवायचा? परवा ऑफिस सुटल्यावर बसमध्ये चढले आणि अगदी मागच्या सीटवर, चाकाच्या वर जाऊन बसले. मामा म्हणायचा ना, मागची सीट म्हणजे फुकटचा पाळणा. टॅब मांडीवर घेऊन शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तशीच परत आले. पाणी काही मिळालं नाही. ड्रायव्हर आरशातून बघत होता, ही बाई उतरत का नाही म्हणून.

आता पान सरकणं पूर्ण बंद केलंय. पान बदलायला खाली दोन मोठे बाण आहेत. चित्रं मोठी केलीत, आणि बोट उचलायची वाट न बघता टेकल्याबरोबर शब्द बोलला जाईल. नवा फळा टॅबवर आपोआप येईल, तुला काही करायला नको.

आवाज माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचा आहे. भला आहे, फक्त ‘दुखतंय’ असं म्हणतो की जणू बातम्या वाचतोय.

ठकी

२० फेब्रुवारी

प्रिय ठकी,

फळा बोलायला लागला! पण आता थांबायचं नाव घेत नाही. ‘पाणी पाणी पाणी पाणी.’ मी स्वयंपाकघरातून ओरडले, ‘अहो, आणतेय, विहीर नाही खणायची मला!’ शेजारीण दारात आली, कुणाला झटका आलाय का बघायला. तिला पाहून हे गोरेमोरे झाले आणि फळा उलटा ठेवून दिला. तेवढं बघ.

बाकी सगळं उत्तम. मी जवळ बसून फळा वापरायची सवय लावतेय. चहा तर दिवसातून कितीदा मागतात! आधी एवढा चहा नव्हते पीत, पण आजारात माणसाची चव बदलते. मागतील ते देते. कितीतरी महिन्यांनी मागताहेत.

मामी

२६ फेब्रुवारी

प्रिय मामी,

पाण्याची विहीर बुजवली. मामाचं बोट टेकतं, थरथरून जरासं उचललं जातं आणि पुन्हा टेकतं. त्याच्या लेखी ते एकदाच, टॅबच्या लेखी चारदा. आता एक शब्द बोलला की तेच चित्र थोडा वेळ गप्प राहील.

आणखी एक विचारायचंय. अंदाजाने किती दिवस ठोकाठोकी करणार? तुमची दोघांची हरकत नसेल तर फळ्यावर बोटं कुठे टेकतात, कशी हलतात, याच्या खुणा थोडे दिवस माझ्याकडे येऊ देत. नुसते ठिपके येतात, आवाज नाही की फोटो नाही. मामाला नीट विचार. फळा त्याचा आहे.

ठकी

३ मार्च

ठकी,

विचारलं. मान हलवली. मग जरा वेळाने पुन्हा हलवली, म्हणजे नक्की हो.

चहाची पावडर संपली, आणायला निघालेय, म्हणून थोडक्यात.

मामी

१५ मार्च

प्रिय मामी,

सापडलं! ठिपके बघता बघता ऑफिसात टाळीच वाजवली.

फळ्यावर एक नाही, दोन बोटं टेकताहेत. पहिलं थरथरतं, चित्राभोवती भिरभिरतं. ते मामाच्या डाव्या हाताचं. जरा वेळाने दुसरं येतं, अगदी स्थिर, दगडासारखं. ते त्याच्या उजव्या हाताचं असणार. निर्जीव हात फळ्याच्या कडेवर टेकत असेल आणि त्याला कळतही नसेल. दोन बोटं एकदम आली की कुणाचं ऐकायचं हे प्रोग्रॅमला कळेना आणि तो दुसऱ्याचं ऐकत बसला. कानामागून आलं आणि तिखट झालं.

आता पहिलं बोट टेकलेलं असेपर्यंत दुसरं बोट आलं तर फळा त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. मामा जे दाबेल तेच बोललं जाईल.

बघ आणि लगेच कळव.

ठकी

२२ मार्च

ठकी,

कळवते. तू माझं बोट बंद केलंस!

अगं, ते दगडासारखं बोट माझं आहे. ह्यांचा हात धरून मीच चित्रापर्यंत नेते आणि वरून दाबते. नाहीतर कसे पोचणार ते? बिचारे भिरभिरत राहतात. मला बघवत नाही. चेहऱ्यावरून ओळखते मी त्यांना काय हवंय ते. इतक्या वर्षांचा संसार आहे, उगाच नाही.

आता मी दाबलं की फळा मुका. ह्यांच्या बोटाने भलतंच काहीतरी बोलतो. काल दुपारी त्यांचा हात चहावर नेला तर म्हणाला ‘नको’. मी म्हटलं, बिघडला. मग पुन्हा नेला तर पुन्हा ‘नको’.

होता तसा करून दे बरं. तुझी हुशारी मोठी आहे, पण हात माझा आहे त्या हातावर.

मामी

२९ मार्च

प्रिय मामी,

तुझं पत्र वाचून आधी हसले. मग ते ठिपके पुन्हा उघडले.

होता तसा करून देता येईल. एका ओळीचं काम आहे. पण त्याआधी माझं ऐक, आणि रागावू नकोस.

त्या ठिपक्यांमध्ये मामाचं बोट दर वेळी आधी टेकलेलं दिसतं, कुठेतरी दुसरीकडे, चित्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत. मग तुझं येतं, आणि दोन्ही मिळून चहाकडे जातात. नेहमी चहाकडेच. तो भिरभिरतो असं आपल्याला वाटतं. पण कदाचित तो त्याच्या चित्राकडे निघालेला असतो आणि आपण त्याला मध्येच उचलतो.

तो कुठल्या चित्राकडे निघाला होता ते मी बघितलं नाही. बघता आलं असतं. पण त्याचं बोलणं पहिल्यांदा तू ऐकायला हवंस, मी नाही. खुणा येणं मी आज बंद केलं, आलेल्या पुसूनही टाकल्या.

थोडे दिवस त्याचा हात सोड, मामी. त्याला वेळ लागू दे. चुकू दे. नाहीच जमलं तर तुझं बोट तुला परत.

तुझी ठकी

२५ एप्रिल

प्रिय ठकी,

उत्तराला उशीर झाला. लिहावंसं वाटत नव्हतं.

तू म्हणालीस तसा हात सोडला. फळा त्यांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवला आणि मी माझ्या कामाला लागले. पहिले काही दिवस नुसती खुडबुड. मग शब्द यायला लागले. पाणी. पंखा. खिडकी. सगळं नीट. मला एवढा आनंद झाला की काय सांगू.

आणि मग सुरू झालं ‘बस’.

मी औषध घेऊन गेले की ‘बस’. चादर बदलायला गेले की ‘बस’. त्यांचे पाय चोळायला घेतले की ‘बस’. परवा जेवण घेऊन गेले, ताट खाली ठेवायच्या आत ‘बस’. एवढ्या दिवसांनी माणसाला वाचा आली आणि त्या वाचेने तो बायकोला म्हणतो, बस कर. पुरे झालं तुझं.

आता खोलीत कामापुरती जाते. औषध ठेवते आणि बाहेर येते. बाहेर आले की पुन्हा ऐकू येतं, ‘बस’. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेते.

दवाखान्यातल्या बाईंनी एका ठिकाणाचं नाव सांगितलंय. अशा पेशंटना तिथे ठेवून घेतात, चांगली काळजी घेतात म्हणे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी जाऊन बघणार आहे. त्यांना माझा कंटाळा आला असेल तर मी गळ्यात कशाला पडू? मी दुकान सोडलं, झोप सोडली, त्याचं मला काही नाही. पण माझ्या हातचं नकोसं झालं असेल, तर मग आणखी काही नको.

तुझा फळा चांगला चालतो. तुझी काही चूक नाही.

मामी

२८ एप्रिल

मामी,

हे पत्र ऑफिसच्या माणसाबरोबर पाठवतेय, तो तुमच्याच बाजूला निघालाय. सोमवारच्या आत मिळू दे.

फळ्यावर ‘बस’ तीन आहेत.

एक आडव्या हाताचं चित्र, म्हणजे पुरे. एक लाल गाडीचं, ते मी खास मामासाठी घातलं, तो ड्रायव्हर म्हणून. आणि तिसरं खुर्चीचं. तिन्हींचा आवाज एकच. आमच्या त्या मुलाने एकदाच म्हटलं आणि मी आळस करून तेच तीन ठिकाणी चिकटवलं. ऐकून कळणार नाही. बघावं लागेल.

तू स्वयंपाकघरातून ऐकतेस. खोलीत जा, त्याच्या शेजारी उभी राहा आणि बघ, तो कुठल्या चित्रावर बोट ठेवतो. हात धरू नकोस. फक्त बघ.

ठकी

३ मे

प्रिय ठकी,

तुझा माणूस शनिवारी संध्याकाळी येऊन गेला. पत्र दारातच उघडलं.

चष्मा लावला आणि खोलीत गेले. हे खिडकीशी बसले होते. मला पाहिलं तसं त्यांचं बोट निघालं. ठकी, मी त्यांचं बोट असं पहिल्यांदाच बघत होते. आजवर ते माझ्या मुठीत असायचं. थरथरत, वाट चुकत, पुन्हा वाटेवर येत ते गाडीवरून गेलं, आडव्या हाताला वळसा घालून गेलं आणि खुर्चीवर टेकलं.

‘बस.’

मी म्हटलं, ‘मी बसू?’ त्यांनी डोळे मिटून उघडले. मी बसले. काय करावं सुचेना, म्हणून चादरीची सुरकुती नीट करायला लागले, तर पुन्हा ‘बस’. म्हटलं, ‘बसलेय की!’ मग हात मांडीवर ठेवले. तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

मग त्यांनी बाणावर बोट नेऊन पान बदललं. एकदा चुकलं, मागचंच पान आलं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांनी ‘तू’ शोधलं. मग खूप वेळ शोधत राहिले. बाहेर दिवे लागले तरी मी गप्प बसून होते. शेवटी फळा म्हणाला,

‘तू. दमलो.’

तू ते ह्यांच्यासाठी भरलंस ना, म्हणून त्यात ‘दमलो’च आहे. ‘तू दमलो.’ मला आधी हसूच फुटलं. म्हटलं, ‘अहो, व्याकरण तरी बघा.’ आणि मग जे रडू आलं ते आवरेना. हेही रडले. दोन म्हातारी माणसं, मध्ये एक स्टूल.

किती महिने कुणी मला विचारलं नव्हतं. आणि हे विचारत होते, दिवसभर विचारत होते, आणि मी त्यांना चहा पाजत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! जन्मभर लोकांना चष्मे लावले आणि माझ्याच नवऱ्याच्या बोटाकडे बघितलं नाही.

सोमवारी कुठेही जाणार नाही. माझं बोट मला परत नको.

मामी

१० मे

प्रिय मामी,

तुझं पत्र मी त्या मुलाला वाचून दाखवलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, चल, माईक लाव. ‘दमलीस’, ‘जेवलीस’, ‘रागावलीस’ असं सगळं पुन्हा म्हटलं त्याने. ‘बस’ही आता तीन वेगळ्या स्वरांत आहे. खुर्चीचं कसं म्हणू म्हणून त्याने मला विचारलं. मी म्हटलं, जशी आई म्हणते, कामावरून दमून आलेल्याला.

आणखी कोणते शब्द हवेत ते मामाला विचार. तो बोट ठेवून सांगू शकणार नाही, पण तू एकेक म्हणत जा, तो हो-नाही करेल.

ठकी

१६ मे

प्रिय ठकी,

विचारलं. गोडाचा एकही शब्द नकोय महाराजांना. हवेत ते असे: चूक. खोटं. उगाच. कटकट. जा. आणि ‘दुकान’. शेवटचा का हवाय म्हणून विचारलं तर खिडकीबाहेर बघत बसले. भर सगळे. पस्तावशील पण भर.

मामी

१९ जून

प्रिय ठकी,

हे पत्र दुकानातून लिहितेय. होय, चष्म्याच्या दुकानातून! गिऱ्हाईक नाहीये, मालक आत काचा घासताहेत.

तुझे शब्द आले आणि आमच्या घरात रणधुमाळी सुरू झाली. हे रोज सकाळी म्हणायचे, ‘तू. दुकान. जा.’ मी म्हणायचे, तुम्हाला एकटं टाकून? शक्य नाही. ‘चूक.’ तुम्ही पडलात तर? ‘उगाच.’ मला तिथे करमणार नाही. ‘खोटं.’ लागोपाठ चारदा खोटं! तू ती विहीर बुजवलीस ना, तर हे मध्ये दम खाऊन पुन्हा दाबतात. एकदा मी इतकी चिडले की भांडं आदळलं आणि ओरडले, ‘माझं डोकं खाऊ नका!’ आणि मग माझ्याच लक्षात आलं, ठकी, मी त्यांच्याशी भांडतेय. आजारी माणसाशी कुणी भांडतं का? इतके दिवस मी त्यांच्याशी कशी वागत होते? गोड बोलून, हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तशी. त्या दिवशी मी भांडले तर त्यांचा चेहरा असा खुलला! डाव्या गालाने हसले, उजवा अजून येत नाही बरोबर.

भांडणात ते जिंकले. पूर्वीही तेच जिंकायचे.

आता दुपारच्या वेळेपुरती दुकानात येते. शेजारीण अधूनमधून डोकावते. पहिल्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. समोरचा माणूस नंबर काढायच्या तक्त्यावरची अक्षरं वाचतोय आणि मला एक अक्षर ऐकू येत नाहीये. शेवटी न राहवून घरी फोन लावला. लावल्यावर वाटलं, काय वेडी मी! ते उचलतील तरी कसा, आणि उचलून करतील काय?

बराच वेळ वाजला. मग उचलला गेला. काहीतरी खरखरलं, श्वास ऐकू आला. मी म्हटलं, ‘मीच आहे.’

वाट बघायची आता मला सवय झालीय, मी वाट बघितली. मग तुझ्या त्या मुलाचा आवाज आला, ‘तू.’ आणि जरा वेळाने, ‘काम.’

‘करतेय हो. तुम्ही जेवलात?’

‘हो.’

‘औषध घेतलंत?’

‘हो.’

मी त्यांना ओळखते. म्हटलं, ‘खोटं.’

पलीकडे खुडबुड झाली. बोट कुठून कुठे निघालंय ते मला इथून दिसत होतं म्हण ना. आणि मग कबुली आली:

‘खोटं.’

‘घ्या आत्ताच्या आत्ता!’ मी एवढ्या जोरात म्हटलं की गिऱ्हाईक खुर्चीत ताठ झालं. तिकडे फोन ठेवला गेला. पूर्वीसारखाच, न सांगता.

मालक आतून आले. माझे डोळे बघून घाबरले बिचारे. म्हणाले, ‘घरी सगळं ठीक आहे ना? कुणाचा फोन होता?’

मी म्हटलं, ‘काही नाही हो. ह्यांच्याशी बोलत होते.’

तुझी मामी